तेलाची मुदत

ठाण्याहून बेलापुराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पश्चिमेस, तो रस्ता आणि खाडी यांच्या दरम्यानच्या सखल पट्ट्यात, ज्या जुन्या आगरी-कोळी गावांना सिडकोच्या आखीव सेक्टरांनी चहूबाजूंनी वेढून टाकले, त्यांपैकी बोनकोडे हे एक होय. कोपरखैरणे, खैरणे, घणसोली, जुहूगाव ही त्याची शेजारगावे. पूर्वेस रस्ता ओलांडला की महापे, पावणे, तुर्भे यांचा कारखान्यांचा मुलूख लागतो आणि त्यामागे पारसिकची डोंगररांग उभी राहते. महाराष्ट्राच्या राजकारणात हे नाव गणेश नाईक यांचे गाव म्हणून परिचित आहे. प्रस्तुत लेखात मात्र मला या गावाकडे अगदी निराळ्या अंगाने पाहावयाचे आहे. मोटारीच्या इंजिनात कोणते तेल घालावे आणि ते किती चालीनंतर बदलावे, हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजच्या ओट्यावरच निकालात निघण्याजोगा वाटतो. परंतु ज्या पट्ट्यातील माणसांनी दोन-तीन पिढ्यांच्या अवधीत बैलगाडीच्या आखाला चोपडण्याच्या वंगणापासून कृत्रिम तेलापर्यंतचा सारा पल्ला पाहिला, आणि तेलाला गुण देणारी रसायने ज्यांच्या वेशीलगतच तयार होऊ लागली, त्यांच्या बाबतीत या प्रश्नाला एक इतिहास आहे. हा इतिहास ठाऊक नसला म्हणजे ज्या कारणांसाठी एखादी मुदत ठरली ती कारणे नाहीशी होतात आणि मुदत तेवढी शिरस्ता म्हणून मागे उरते.

खाजणातील भातशेती, खाडीतील मासेमारी आणि मिठागरे यांवर या किनाऱ्याचा चरितार्थ चालत असे, तेव्हा वंगण ही घरची वस्तू होती. तेल तेल्याच्या घाण्यातून यावयाचे: तिळाचे खाण्याला, करंजाचे दिव्याला व जनावराच्या त्वचेला, एरंडाचे औषधाला आणि गाडीच्या आखाला. भाताचे भारे किंवा मिठाच्या गोणी घेऊन निघालेल्या गाडीचा लाकडी तुंबा लोखंडी आखावर घासू लागला की त्याचा करकराट दूरवर ऐकू जाई, आणि तो ऐकू येणे हीच तेल घालण्याची वेळ झाल्याची खूण समजली जाई. म्हणून जाणता गाडीवान वंगणाचे नळकांडे गाडीच्या बुडाशी बांधूनच घराबाहेर पडे. खाडीत कोळी आपल्या होडीच्या फळ्यांना मुशीच्या यकृताचे तेल चोपडीत. त्याचा उग्र दर्प किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळीवाड्याच्या ओळखीचा होता. या साऱ्या वंगणाचे एक समान लक्षण होते: ते टिकत नसे. वनस्पतीचे आणि प्राण्याचे तेल हवेशी संयोग पावून लवकर चिकट होते, आंबते, धुळीचा थर धरते. त्यामुळे त्याची मुदत दिवसांत मोजली जाई आणि पुष्कळदा एका खेपेपुरतीच असे.

१८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली, तेव्हाही पहिल्या काही दशकांत भारतीय रेल्वेने वंगणासाठी आणि दिव्यांसाठी एरंडेलाचा पुष्कळ वापर केला. एरंडेल दाट असते, उष्णतेने फारसे पातळ होत नाही आणि धातूला घट्ट धरून राहते. या गुणांमुळेच पुढे पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांनी त्याचा आश्रय केला, आणि लंडनच्या चार्ल्स चिअर्स वेकफील्ड याने १८९९ साली स्थापन केलेल्या कंपनीने १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेले मोटारीचे तेल ‘कॅस्ट्रॉल’ या नावाने बाजारात आणले, त्या नावातही एरंडाची खूण उरली. पुढील वर्षीच त्या कंपनीने हिंदुस्थानात आपला व्यापार सुरू केला. परंतु इंजिनाच्या उष्णतेत एरंडेलाचा डिंक होतो, हा त्याचा दोष दूर करता येईना. आणि भूगर्भातील खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनातून निघणारे वंगण स्वस्त, विपुल आणि तुलनेने स्थिर असल्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतच मोटारीच्या क्षेत्रातून घाण्याच्या तेलाची हकालपट्टी झाली. अमेरिकेतील अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली तेलांचे दाटपणावरून क्रमांक ठरवून दिले. डब्यावर आज जे आकडे दिसतात ते त्या क्रमांकांचेच वंशज होत. त्या काळच्या मोटारीत तेल गाळणारा फिल्टर बहुधा नसे, कार्ब्युरेटर पेट्रोल सढळ हाताने सोडी, रस्ते कच्चे असत. म्हणून तेल पाचशे ते हजार मैलांवर बदलावे असा दंडक होता, आणि त्या परिस्थितीत तो योग्यच होता.

या किनाऱ्यावरून खाडीपलीकडे पाहिले असता ट्रॉम्ब्याचे डोंगर दिसतात. त्यांच्या पायथ्याशी माहुल येथे १९५४ मध्ये स्टॅन्व्हॅकचा आणि १९५५ मध्ये बर्मा शेलचा असे दोन तेलशुद्धीकरण कारखाने चालू झाले. पुढे एस्सो आणि भारत सरकार यांच्या भागीदारीत ‘ल्यूब इंडिया’ ही कंपनी निघून तेथे वंगणाचे मूळ तेल काढू लागली, आणि १९७४ मध्ये एस्सो व ल्यूब इंडिया यांच्या एकीकरणातून हिंदुस्थान पेट्रोलियमचा जन्म झाला. मूळ तेल काढण्याची रीत अशी की कच्च्या तेलाचा जड गाळ निर्वात पात्रात उकळून त्याचे थर वेगळे करावयाचे, द्रावकाने त्यांतील अस्थिर अंश धुऊन काढावयाचे, थंड करून मेण काढून टाकावयाचे आणि जे स्वच्छ, मधाच्या रंगाचे तेल उरेल ते पिंपात भरावयाचे. परंतु असे मूळ तेल कितीही स्वच्छ असले तरी त्याने आजचे इंजिन चालत नाही. त्यात जे घालावे लागते त्याचा संबंध थेट बोनकोड्याच्या रस्त्याशी पोहोचतो.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने रासायनिक कारखान्यांची रांग उभी राहिली. मफतलाल समूह आणि शेल यांच्या सहकार्याने निघालेली नोसिल ही त्यांतील सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना १९६६ मधील आहे. त्या वर्षी भारत सरकार आणि अमेरिकेतील लुब्रिझॉल कॉर्पोरेशन यांच्या भागीदारीत लुब्रिझॉल इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना तुर्भे येथे, याच रस्त्यावर, उभा राहिला. तेलात मिसळण्याची रसायने देशातच बनवावीत, त्यासाठी परकीय चलन खर्ची पडू नये, ही त्यामागील सरकारी तजवीज होती. मोटारीच्या तेलात साधारणपणे शेकडा दहा ते वीस भाग ही रसायने असतात आणि तेलाचा खरा स्वभाव त्यांतच असतो. काही रसायने काजळीचे कण परस्परांना चिकटू न देता तेलात तरंगत ठेवतात; काही पिस्टनवर जमणारे किटण धुऊन काढतात आणि त्याच वेळी आम्लाला मारतात; जस्त आणि फॉस्फरस यांची संयुगे घासणाऱ्या धातूंवर एक अतिसूक्ष्म पापुद्रा धरतात, जो स्वतः झिजतो आणि लोखंडाला वाचवतो; आणि लांब साखळ्यांची बहुवारिके उष्णतेत तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. किटण धुणाऱ्या रसायनांचा जन्म १९३०च्या दशकातील एका अडचणीतून झाला: अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीच्या नव्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा किटणाने जाम होऊ लागल्या, आणि साध्या तेलाने ते काम निभत नाही हे ध्यानात आले. पुढे सविता ऑईलसारख्या कंपनीचा कारखाना तुर्भ्यास आणि ॲपारचा रबाळ्यास निघाला. रस्त्यापलीकडे तयार होणारी ही द्रव्ये डब्यांत भरून देशभर जात आणि त्यांतील काही पुन्हा या गावांतील रिक्षांच्या इंजिनांत येऊन पडत. स्थानिक इतिहास लिहिणारे जमिनीच्या संपादनाचा उल्लेख करतात आणि तो करावयासच हवा. परंतु या कारखान्यांत तयार होणाऱ्या वस्तूचाही वृत्तांत त्यांनी लिहावा असे मला मनापासून वाटते.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या नगरासाठी घेण्याचे ठरले. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहतुकीस खुला झाला. त्यापूर्वी या भागातून मोटारीने मुंबईस जावयाचे तर ठाण्यावरून वळसा घ्यावा लागे. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा, १९८४च्या जानेवारीत जासई परिसरात झालेला गोळीबार आणि त्यातून पुढे आलेली साडेबारा टक्क्यांची योजना हा एका स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवितो की शेत आणि मिठागर हातचे गेल्यावर प्रकल्पग्रस्त गावांतील पुष्कळ तरुण वाहनाच्या धंद्यात शिरले. कोणी रिक्षा घेतली, कोणी टेम्पो, कोणी पाण्याचा टँकर, कोणी खाणीवरचा डंपर. मुंबईतील घाऊक बाजार तुर्भे-वाशीला हलविण्यात आले तेव्हा मालमोटारींचा ओघ या बाजूस वळला. अशा रीतीने ज्या घरात बैलाची निगा राखण्याचे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या होते, त्या घरात इंजिनाची निगा राखण्याचे शहाणपण नव्याने मिळवावे लागले, आणि ते पुस्तकातून न येता उस्तादाकडून शागिर्दाकडे आले.

त्या शहाणपणातील पहिला धडा दोन स्ट्रोकच्या इंजिनाचा होता. बजाजच्या स्कूटरीत आणि रिक्षात तेल वेगळे साठविले जात नसे; ते पेट्रोलमध्येच मिसळावयाचे आणि पेट्रोलबरोबर जाळून टाकावयाचे. पंपावर गाडी लावून ‘दोन लिटर, चाळीस ऑईल’ असे म्हटले की पंपवाला लिटरला वीस मिलिलिटर या हिशेबाने माप ओतीत असे आणि मग गिऱ्हाईक स्कूटर दोन्ही हातांनी हलवून मिश्रण ढवळीत असे. या इंजिनात तेल बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण प्रत्येक थेंब एकदाच कामास येऊन निळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडे. १९८५ साली आलेल्या हीरो होंडाच्या चार स्ट्रोकच्या मोटारसायकलीने आणि त्याआधी १९८३च्या अखेरीस आलेल्या मारुतीने सामान्य मराठी कुटुंबास चेंबरमध्ये साठून राहणाऱ्या तेलाची ओळख करून दिली, आणि त्याबरोबरच ‘पाच हजार झाले, ऑईल बदला’ हे वाक्य घराघरांत आले.

या पाच हजारांच्या मुळाशी काय होते, ते आता पाहू. खनिज तेल उष्णतेने आणि हवेने हळूहळू जाड व आम्लधर्मी होते. ही क्रिया तापमान दहा अंशांनी वाढले की स्थूलमानाने दुप्पट वेगाने घडते. कार्ब्युरेटरच्या गाडीचा चोक ओढून ठेवला की कच्चे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरते आणि तेल पातळ करते. परंतु माझ्या मते सर्वांत प्रबळ कारण गंधकाचे होते, आणि त्याकडे आपल्याकडील लेखनात फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या डिझेलमध्ये शंभर भागांत एक भागापर्यंत गंधक असण्यास मुभा होती. ते जळाले की त्याचे वायू होतात, वायू ओलाव्याशी मिळाले की गंधकाम्ल होते, आणि हे आम्ल सिलिंडर व बेअरिंगे कुरतडू लागते. तेलातील अल्कधर्मी रसायने त्याला मारता मारता स्वतः संपून जातात. ती संपली की दिसण्यात तेल तेच राहते, राखणदारी मात्र थांबते. तेव्हा पाच हजारांचा आकडा हा पुष्कळ अंशी वाईट इंधनाने ठरविलेला आकडा होता. त्यानंतर गंधकाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरत गेले. मुंबई प्रदेशात २०१०च्या एप्रिलपासून दहा लाखांत ५० भाग, आणि १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा हे मानक देशभर लागू झाल्यावर दहा लाखांत १० भाग. एका पिढीच्या अवधीत आम्लाचे मूळ हजारपटीने आटले. कार्ब्युरेटर जाऊन मोजून पेट्रोल सोडणारी यंत्रणा आली, हवेचे आणि तेलाचे फिल्टर सुधारले. आकडा मात्र जुन्या उस्तादांच्या जिभेवर तोच राहिला.

इंजिनाबरोबर तेलही बदलले, आणि येथे कृत्रिम तेलाची हकीकत सांगणे प्राप्त आहे. एकाच आकाराचे रेणू जोडून वंगण बनविण्याचे प्रयोग १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात नैसर्गिक तेलाची टंचाई आणि रशियातील कडाक्याची थंडी यांमुळे जर्मन शास्त्रज्ञांनी त्यांस गती दिली. युद्धानंतर जेट विमानांनी त्याचा ध्यास घेतला, कारण त्या यंत्राच्या उष्णतेत खनिज तेल टिकत नव्हते. मोटारीसाठी ते १९७०च्या दशकात आले. १९७४ मध्ये मोबिलने काढलेले तेल जगभर प्रसिद्धीस पावले. याच सुमारास, १९७२ मध्ये, आपल्याकडे इंडियन ऑईलने ‘सर्वो’ ही नाममुद्रा बाजारात आणली; ती खनिज तेलाची होती आणि देशातील ट्रकांना, एसटीला, पंपसेटांना पुरेल असे तेल सर्वत्र पोहोचविणे हे तिचे कार्य होते. १९९०च्या दशकाच्या आरंभी सरकारने मूळ तेलाच्या आयातीवरील निर्बंध सैल केले आणि परदेशी कंपन्यांची नावे रस्त्याच्या कडेला झळकू लागली. त्यानंतर अमेरिकेत एक तंटा उद्भवला, ज्याच्या निकालाचा परिणाम आज बोनकोड्याच्या दुकानातील डब्यावरही दिसतो. कॅस्ट्रॉलने रेणू जोडून बनविलेले तेल सोडून, खनिज तेलावरच हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून मिळविलेले तेल कृत्रिम म्हणून विकण्यास सुरुवात केली. मोबिलने हरकत घेतली. आणि १९९९ साली तेथील जाहिरात-लवाद मंडळाने निर्णय दिला की इतकी मूलगामी प्रक्रिया झालेल्या तेलास कृत्रिम म्हणण्यास प्रत्यवाय नाही. आज ‘फुल्ली सिंथेटिक’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांपैकी पुष्कळांत हेच हायड्रोजनप्रक्रियेचे तेल असते. ते फसवे आहे असे मी म्हणणार नाही. जुन्या द्रावकधुतल्या तेलापेक्षा ते निःसंशय सरस आहे, उष्णतेत सावकाश जुने होते आणि कमी उडून जाते. परंतु गिऱ्हाइकाने डब्याच्या दर्शनी भागावरील शब्दावर पैसे मोजण्याऐवजी डबा फिरवून मागील बाजूचा बारीक मजकूर वाचावा, हे मी आग्रहाने सांगेन.

त्या मजकुरात तीन गोष्टी असतात. पहिली दाटपणाची: ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘१५डब्ल्यू-४०’. यांतील पहिला अंक थंडीतील वर्तनाचा आहे. १५डब्ल्यू तेलाची इंजिन फिरविण्याची कसोटी शून्याखाली वीस अंशांवर घेतली जाते. ज्या गावी पौषातही पारा दहापर्यंत क्वचितच उतरतो, तेथे केवळ या अंकासाठी महाग तेल घेण्याचे प्रयोजन नाही. पातळ तेल सकाळी लवकर वर चढते आणि इंधन थोडे वाचवते, एवढा लाभ मात्र खरा. दुसरा अंक तापलेल्या इंजिनाचा आहे, आणि तो उत्पादकाने सांगितला त्याहून मनाने दाट किंवा पातळ करू नये. नव्या इंजिनातील तेलाच्या वाटा पातळ तेल धरूनच कोरलेल्या असतात. दुसरी गोष्ट दर्जाची: पेट्रोल इंजिनांसाठी अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची ‘एसएन’, ‘एसपी’ अशी अक्षरे, ज्यांत पुढचे अक्षर नंतरचे व अधिक कडक, ‘एसपी’ २०२०च्या मे महिन्यात आले. तिसरी, आणि कित्येकदा निर्णायक, म्हणजे विशिष्ट यंत्रासाठी असलेली अट. मोटारसायकलीचा क्लच तेलातच बुडालेला असतो, म्हणून तिला ‘जासो एमए’ दर्जाचे तेल लागते. मोटारीचे उंची तेल हौसेने घातले तर क्लच घसरू लागतो. भारत स्टेज सहाच्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडविणारा फिल्टर असतो. तिला कमी राखेचे तेल हवे, अन्यथा तेलातील धातूंची राख त्या फिल्टरात साठून तो कायमचा निकामी होतो. अशा गाडीत जुने स्वस्त तेल दर पाच हजारांनी बदलणारा मनुष्य आपण गाडीची फार काळजी घेतो असे समजत असतो आणि तिचे नुकसान करीत असतो.

गावाच्या कडेच्या एका गॅरेजात अशी एक तेलबदली मी नुकतीच जवळून पाहिली. गाडी रिक्षा होती, गॅसवर चालणारी. इंजिन आधी पाच-सात मिनिटे चालू ठेवून तेल कढत करून घेतले. मग मेस्त्रीने खाली बसून चेंबरचा नट पान्याने सैल केला, शेवटचे आटे बोटांनी फिरविले आणि कापलेल्या कॅनमध्ये तेलाची धार पडू दिली. धार तुटून थेंब पडू लागले तरी तो उठला नाही. ‘राहिलेलं पाव लिटर नव्याला खराब करतं’ असे म्हणून त्याने विडी न ओढता तेवढा वेळ वाट पाहिली. नटाचा पितळी वायसर त्याने नवा घातला. जुने तेल अंगठा आणि तर्जनी यांत घेऊन चोळले, वास घेतला, उन्हात बोटे ताणून पाहिली. तेल फारसे काळे नव्हते. ‘दादा, अजून हजार चाललं असतं ना?’ असे रिक्षावाल्याने विचारताच मेस्त्री म्हणाला, ‘गॅसवर रंग बघायचा नाही. गॅसची काजळीच धरत नाही, म्हणून तेल जळालं तरी गोरंच दिसतं.’ हे विधान रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. डिझेलचे तेल उलट पहिल्याच दिवशी काळे होते, आणि ते काळे होणे हे बहुधा ते आपले काम करीत असल्याचे लक्षण असते, कारण काजळी पिस्टनवर न बसता तेलात तरंगत आहे. रंगावरून निवाडा करण्याची सवय या दोन्ही बाजूंनी फसवते. शेवटी त्याने रिकाम्या डब्याच्या बुडात सुरी खुपसली, जेणेकरून त्यात पुन्हा कोणी सुटे तेल भरून विकू नये. बनावट तेलाचा बंदोबस्त सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती आहे तो एवढाच, आणि तो प्रत्येकाने करावा.

मग मुदत किती धरावी? आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी घडेल ते, असे लिहिलेले असते. तेथेच, थोडे पुढे, कठीण परिस्थितीत ही मुदत कमी करावी असेही लिहिलेले असते, आणि हे दुसरे वाक्य वाचणारे फार थोडे. बोनकोड्यात ही कठीण परिस्थिती माणसागणिक निराळी आहे. जो गृहस्थ सकाळी कोपरखैरणे स्थानकापर्यंत दोन-तीन किलोमीटर गाडी नेतो आणि संध्याकाळी परत आणतो, त्याचे वर्षाचे अंतर दोन हजारही भरत नाही. परंतु त्याचे इंजिन कधी पुरते तापत नाही, आत साचलेले पाणी आणि पेट्रोल वाफ होऊन निघून जात नाही, आणि पावसाळ्यात तर डिपस्टिकवर दुधाळ साय दिसू लागते. त्याने किलोमीटर मोजूच नयेत. वर्ष झाले की तेल बदलावे, आणि आठवड्यातून एकदा गाडी पनवेलपर्यंत मोकळी पळवावी. त्याच्याजवळ नवी डिझेल गाडी असेल तर तेलाची पातळी वाढत तर नाही ना, हेही पाहावे. धुराड्यातील फिल्टरात साठलेली काजळी जाळून तो साफ करण्यासाठी इंजिन जे जादा डिझेल सोडते ते अर्धवट राहिलेल्या फेरीत चेंबरात उतरते. तेल कमी झाले तर सर्वांना कळते, वाढले तर आनंद वाटतो, आणि धोका तेथेच असतो. बाजारसमितीच्या फाटकाशी पहाटे रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या टेम्पोचे मीटर हलत नाही, तेल मात्र जुने होत असते. त्याचा हिशेब तासांनी करावयास हवा. पारसिकच्या बाजूस दगडाच्या खाणीवर चालणाऱ्या डंपरची गोष्ट आणखी निराळी: त्या धुळीतील गारेचे कण लोखंडाहून कठीण असतात, आणि हवेच्या फिल्टरला एक भेग असली तर जगातील सर्वांत महाग तेलही बोअर वाचवू शकत नाही. तेथे तेलापेक्षा फिल्टरवर पैसा घालावा. या उलट, जो चालक दररोज पुण्याची किंवा नाशिकची खेप करतो, ज्याचे इंजिन एकसारख्या वेगाने तापलेले राहते, त्याने पुस्तिकेतील पूर्ण मुदत निर्धास्तपणे घ्यावी. पाच हजारांवर तेल फेकून देणे म्हणजे चांगली वस्तू अर्ध्या आयुष्यात टाकून देणे होय.

अंदाजाला पर्याय आहे, आणि तो आपल्या रेल्वेने फार पूर्वी स्वीकारला. डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये प्रयोगशाळा असते. ठरावीक अवधीने प्रत्येक इंजिनातील तेलाचा नमुना घेऊन त्यात लोखंड, तांबे, शिसे, सिलिकॉन यांचे अंश किती आहेत ते मोजले जाते. तांबे वाढले तर बेअरिंग झिजत आहे, सिलिकॉन वाढले तर धूळ शिरत आहे, असा निदानाचा क्रम ठरलेला असतो, आणि तेल बदलण्याचा हुकूम त्या आकड्यांवरून सुटतो. या पद्धतीचा पाया अमेरिकेतील एका डोंगरी रेल्वेने १९४० च्या दशकात घातला. दहा-वीस वाहने बाळगणाऱ्या टँकरवाल्याने किंवा वाहतूक ठेकेदाराने वर्षातून दोनदा असे नमुने खासगी प्रयोगशाळेत पाठविले तर त्याचा खर्च वाचलेल्या तेलातूनच निघेल, अशी माझी खात्री आहे.

राहिला प्रश्न बाहेर काढलेल्या तेलाचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे खाडी अगदी जवळ आहे. सिडकोची घरे उभी राहात होती त्या काळात जळक्या तेलाला मोठा उठाव होता; स्लॅब भरण्याच्या सेंट्रिंगच्या पाट्यांना ते चोपडीत, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून लावीत, होडीच्या तळालाही फासीत. उरलेले गटारात जाई आणि गटार खाडीत. हे तेल ताज्या तेलापेक्षा अधिक विषारी असते, कारण त्यात झिजलेले धातू आणि अर्धवट जळालेले कार्बनी पदार्थ उतरलेले असतात. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन सांडलेले तेल या बाजूच्या खारफुटीपर्यंत येऊन पोहोचले, तेव्हा मोठा गहजब झाला आणि तो रास्त होता. परंतु गॅरेजांतून थेंबाथेंबाने जाणाऱ्या तेलाची दखल कोणत्याही वर्तमानपत्राने घेतली नव्हती. ठाणे खाडीच्या पश्चिम किनाऱ्याला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. कायद्याने वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल विकणाऱ्या कंपन्यांवरच ते परत गोळा होऊन शुद्ध करविण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे. शुद्ध करण्याची रीत जुनीच आहे: पाणी व इंधन उडवून लावावयाचे, निर्वात पात्रात ऊर्ध्वपातन करावयाचे, हायड्रोजनने साफ करावयाचे, मूळ तेल पुन्हा मूळ तेल होते, कारण वापरात जे संपते ते बहुतांशी रसायन असते, तेल नव्हे. बोनकोड्याच्या गॅरेजांत आज काळ्या तेलाचे पिंप कोपऱ्यात उभे असते आणि ते भरले की परवानाधारक खरेदीदार पैसे देऊन घेऊन जातो. ज्या गॅरेजात असे पिंप दिसत नाही, तेथे तेल बदलून घेऊ नये.